नेमलेल्या कादंबऱ्या: अख्ख्या द्या, पण प्रश्नावली नको

सातवीण

मी अकरावीला आहे, कला शाखा, सातारा जिल्हा. आमच्या मराठीच्या मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाला एक कादंबरी वाचायला दिली, चिठ्ठ्या टाकून. 'बनगरवाडी', 'रणांगण', 'फकिरा', 'कोसला' आणि 'पण लक्षात कोण घेतो'. मला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' आली. यादीतली सगळ्यात जाड आणि सगळ्यात जुनी, १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः सुरू झालेली. मैत्रिणी म्हणाल्या, बदलून घे.

नाही घेतली. सुरुवातीची पानं सरकत नव्हती हे खरं. वाक्यं लांब, माणसं खूप, कोण कुणाचं कोण ते लक्षात राहीना. पण ही गोष्ट यमू स्वतः सांगते. लहानपण, लग्न, सासर, नवऱ्याच्या प्रोत्साहनानं लिहिणं-वाचणं, मैत्रीण दुर्गीचे हाल, सगळं ती समोर बसून बोलल्यासारखं सांगते. केशवपनाची चाल आम्ही इतिहासाच्या पुस्तकात ओझरती शिकलो होतो. इथे यमूशी शेकडो पानांची ओळख झालेली असते आणि मग तिच्यावर ती वेळ येते. मी पुस्तक मिटून आजीकडे गेले आणि तिला तिच्या आजीबद्दल विचारलं. असं कुठल्या धड्यानंतर कधी झालं नव्हतं.

राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. सुट्टी संपल्यावर प्रश्नांचा कागद मिळाला. यमूचे स्वभावचित्रण करा. शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा. कादंबरीतून घडणारे समाजदर्शन तुमच्या शब्दांत लिहा. ज्यांनी पान उघडलं नव्हतं त्यांनी चॅटजीपीटीला विचारून तासाभरात सगळी उत्तरं लिहिली, आणि छान लिहिली. मला जे वाटलं ते कुठल्याच प्रश्नात बसत नव्हतं.

दुसरं म्हणजे, शाळेच्या भाषेच्या पुस्तकात आपल्याला कादंबऱ्यांचे उतारे मिळतात. ताईची कॉलेजची पुस्तकं काढून बघितली. तिच्या मराठी युवकभारतीत साहित्यप्रकार म्हणून अकरावीला नाटक आणि बारावीला कथा. कादंबरी हा साहित्यप्रकार तिला बारावीत होता, पण इंग्रजीत: 'टू सर, विथ लव्ह', 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज', 'द साइन ऑफ फोर'. तिथेही उतारेच, ८० पैकी १६ गुणांसाठी. म्हणजे एकही मराठी कादंबरी अख्खी न वाचता बारावी पास होता येतं.

माझं म्हणणं असं: कादंबरी नेमा, अख्खी नेमा, जुनीसुद्धा नेमा. वेळ द्या. फक्त लेखी प्रश्न विचारू नका. तुम्हाला शाळा-कॉलेजात कादंबरी नेमली होती का? तेव्हा आवडली का?

कृष्णाकाठ

चिठ्ठ्या टाकून कादंबऱ्या वाटणाऱ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. आमच्या शाळेत चिठ्ठ्या टाकायचे त्या वर्ग झाडायच्या पाळीसाठी.

जालन्याचे_मास्तर

सातवीण, तू मनापासून लिहिलंस, म्हणून मीही मनापासून विरोध करतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रश्न न विचारता कादंबरी दिली तर वर्गातली चार-पाच मुलं वाचतात, आणि ती तशीही वाचणारीच असतात. बाकीच्यांसाठी प्रश्नांचा कागद हा निदान पुस्तक हातात घेण्याचा बहाणा असतो. मॅडमना दोष देण्याआधी त्यांचा वर्ग किती मोठा आहे ते बघ. माझ्या एका तुकडीत ८० मुलं आहेत आणि ग्रंथालयात 'रणांगण'ची एक प्रत.

पण चॅटजीपीटीचं तू म्हणतेस ते खरं आहे. अशा प्रश्नांची उत्तरं पूर्वी गाईडमधून यायची, आता मोबाइलमधून येतात.

वडाची_पारंबी

मास्तरांशी सहमत. मी सीबीएसईची. आमच्या वेळी नववीला 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' किंवा 'थ्री मेन इन अ बोट' आणि दहावीला ॲन फ्रँकची डायरी किंवा हेलन केलरचं आत्मचरित्र असं अख्खं पुस्तक परीक्षेला होतं. आमच्या शाळेनं 'थ्री मेन' आणि ॲन फ्रँक निवडली. परीक्षा नसती तर पंधराव्या वर्षी मी ॲन फ्रँक उघडलीच नसती. नंतर बोर्डानं ही पुस्तकं काढून टाकली तेव्हा माझ्या धाकट्या भावाला आनंद झाला आणि मला वाईट वाटलं.

हो, ॲनची डायरी म्हणजे कादंबरी नव्हे, पण सातवीणचा प्रश्न तिलाही लागू आहे. 'थ्री मेन इन अ बोट'मध्ये आमच्या वर्गात कुणीच हसलं नाही, कारण प्रत्येक प्रकरणाला बाई "यातून लेखकाला काय सांगायचे आहे" विचारायच्या. जेरोमला काहीही सांगायचं नव्हतं हो, त्याला हसवायचं होतं. नोकरीला लागल्यावर लोकलमध्ये परत वाचली आणि हसू आवरेना.

गुळपोळी

स्वभावचित्रणावरून आठवलं. माझ्या बेंचवरच्या मैत्रिणीनं एकच उत्तर पाठ केलं होतं: "प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी व परिस्थितीशी झुंज देणारे व्यक्तिमत्त्व." वर्षभर प्रत्येक पात्राला तेच लिहिलं. एकदा तर एका म्हशीबद्दल प्रश्न आला होता, तिलाही. पूर्ण गुण.

कृष्णाकाठ

@गुळपोळी, म्हशीच्या बाबतीत उत्तर बरोबरच होतं.

टेम्सपारचा

इंग्लंडमधला अनुभव सांगतो. माझी मुलगी गेल्या वर्षी जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, बसली. इथे २०१५ पासून जो अभ्यासक्रम आहे त्यात इंग्रजी साहित्याला शेक्सपिअरचं एक नाटक आणि एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी सक्तीची. उतारा नाही, अख्खी. सातवीणला हवं तेच. आता पुढे ऐका.

परीक्षेत पुस्तक जवळ ठेवू देत नाहीत. त्यामुळे मुलं अवतरणं पाठ करतात. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मधल्या कंजूष स्क्रूजबद्दल पाच, गरिबीबद्दल पाच, कुटुंबाबद्दल पाच, रंगीत कार्डांवर लिहून. आणि बऱ्याच शाळा कुठली कादंबरी निवडतात? 'अ ख्रिसमस कॅरोल' नाहीतर 'जेकिल अँड हाइड'. दोन्ही उत्तम आहेत, पण निवडण्याचं मोठं कारण म्हणजे त्या छोट्या आहेत. डिकन्सनं एवढ्या भल्यामोठ्या कादंबऱ्या लिहिल्या आणि मुलांच्या वाट्याला आली त्याची सगळ्यात आटोपशीर गोष्ट. मुलीला 'कॅरोल' खूप आवडली ती डिसेंबरात आम्ही घरी मोठ्यानं वाचली तेव्हा. मेमध्ये परीक्षा देऊन आली तेव्हा म्हणाली, आता हे पुस्तक घरात कुठेतरी लांब ठेवा.

म्हणजे अख्खं पुस्तक दिलं की प्रश्न सुटला असं नाही. परीक्षा पुस्तकाचे स्वतःच तुकडे पाडते.

खानदेशी_वारा

मी जळगावकडचा, शिकायला पुण्यात आलो. एफवायला 'कोसला' नेमलेली होती. सतरा वर्षांचा होतो, होस्टेलला होतो, मेसचं जेवण आवडत नव्हतं, गावी पत्र काय लिहायचं कळत नव्हतं. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकरही तिकडूनच पुण्यात आलेला. मला वाटलं होतं की पुस्तकातली माणसं आमच्यासारखं बोलत नाहीत. हा बोलत होता. नेमाडेंनी ती १९६३ मध्ये छापली तेव्हा ते पंचविशीचे होते, हे सरांनी सांगितल्यावर वर्ग एकदम शांत झाला.

आमच्या सरांनी मनीच्या, पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मृत्यूचा भाग शिकवलाच नाही. म्हणाले, हा तुम्ही खोलीवर जाऊन एकट्यानं वाचा, यावर मी प्रश्न विचारणार नाही. त्यांनी शब्द पाळला. सातवीण म्हणते ते होऊ शकतं, मी पाहिलंय.

तळटीप

सगळे इतक्या प्रेमानं लिहिताहेत म्हणून उलट बाजू मांडतो. १८९० ची कादंबरी सोळा वर्षांच्या मुलीला का? सातवीणला आवडली, ती मुळात वाचणारी आहे. तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाचं काय? मराठी कादंबरी म्हणजे लांब, संथ, बोजड असा शिक्का एकदा बसला की पुढे आयुष्यभर तो मराठी पुस्तकाच्या वाटेला जात नाही. आजची कादंबरी द्या. सदानंद देशमुखांची 'बारोमास' द्या, विश्वास पाटलांची 'झाडाझडती' द्या. दोन्हींना साहित्य अकादमी आहे, म्हणजे दर्जाबद्दल कुणी कुरकुर करणार नाही. शेतकऱ्याचं घर, धरणात गेलेली गावं, हे त्या मुलाच्या घरातलं आहे. तो वाचेल. मग तिथून तो स्वतः मागे जाईल, आपट्यांपर्यंत.

सातवीण

@तळटीप काका, माझ्या शेजारच्या बाकावर खरंच एक मुलगा आहे आणि त्याला 'बनगरवाडी' आली होती. त्यानं वाचली. तो वर्गात फारसा बोलत नाही. त्यानं मला मधल्या सुट्टीत शेकूच्या बायकोचं सांगितलं, जोडीला दुसरा बैल नाही म्हणून ती स्वतः औताला जुंपून घेते ते. सांगताना उभा राहिला होता. प्रश्नांच्या कागदावर मात्र त्यानं दोन ओळी लिहिल्या आणि त्याला कमी गुण मिळाले. मला राग आहे तो ह्याचा.

'बारोमास' मी वाचलेली नाही, वाचेन. पण जुनी नको असं नका म्हणू. जुनी मी माझ्या हातानं कधीच उचलली नसती. आजची पुस्तकं माझ्यापर्यंत कशीही येतात, मित्रमैत्रिणी सांगतात, रील्स येतात. १८९० मधल्या यमूपर्यंत मला शाळाच नेऊ शकते.

माणदेश_एक्स्प्रेस

आटपाडी तालुक्यातला आहे, 'बनगरवाडी'वर बोलायलाच पाहिजे.

आमचे गुरुजी नववीत शनिवारी शेवटच्या तासाला ती मोठ्यानं वाचायचे. नेमलेली नव्हती, अभ्यासक्रमात नव्हती. वर्गातली काही मुलं धनगरांची. मेंढरं, कोकरं, वाघर, काय कशाला म्हणतात ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. एरवी शेवटच्या बाकावर बसणारी ती पोरं शनिवारी पुढे येऊन बसायची आणि गुरुजी थांबून त्यांना विचारायचे, "हे असंच करतात का रं?" आनंदा रामोशी आला की वर्ग खूश. मास्तर आणि गाव मिळून तालीम बांधतात तिथं आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर दुष्काळ येऊन वाडी मोडते, माणसं निघून जातात. त्या शनिवारी टाळ्या नव्हत्या. आमच्याकडं पाऊस गेला की काय होतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

माडगूळकरांनी १९५५ मध्ये लिहिलेली गोष्ट आम्ही नव्वदच्या दशकात ऐकत होतो आणि जुनी वाटली नाही. @तळटीप, जुनं-नवं एवढ्यानं ठरत नाही. कोण वाचून दाखवतंय, कुणाच्या गावात, त्यानं ठरतं.

जालन्याचे_मास्तर

@माणदेश_एक्स्प्रेस, तुमच्या गुरुजींना शनिवारचा शेवटचा तास मिळत होता. आम्हाला आता तासच मोजके, त्यात निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं. तरी मोठ्यानं वाचण्याचं पटलं. सुरुवातीची दहा-पंधरा पानं मास्तरानं वाचली तर मुलं आत जातात. सातवीणच्या सुरुवातीच्या न सरकणाऱ्या पानांवर तोच उपाय आहे.

वारणेचं_पाणी

यादीत 'फकिरा' आहे हे पाहून बरं वाटलं. अण्णाभाऊ आमच्या वाटेगावचे. आमच्या घरात 'फकिरा' होती, वडिलांनी शिवून-शिवून टिकवलेली. ती १९५९ ला आली आणि बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे, हे वडील पहिलं पान उघडून दाखवायचे. शाळेत मात्र अण्णाभाऊ म्हणजे जयंतीचं भाषण. 'त्यांना शाळा शिकायला मिळाली नाही' एवढं सगळी मुलं सांगायची, पण त्यांनी काय लिहिलं ते कुणी वाचलेलं नसायचं. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या गावासाठी धान्य लुटणारा फकिरा, गावच्या जोगणीसाठी जीव देणारा त्याचा बाप, हे पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांत मावत नाही. त्याचा उतारा काढला तर फक्त मारामारी उरते, नाहीतर फक्त उपदेश.

म्हणून सातवीणच्या 'अख्खी द्या'ला माझा पूर्ण पाठिंबा. उताऱ्यात कोणता भाग घ्यायचा ते दुसरं कुणीतरी ठरवतं. अख्ख्या पुस्तकात तसं करता येत नाही.

गुळपोळी

+१ वारणेचं पाणी. तुमचा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा असा आहे.

अवांतर: आमच्या शाळेच्या ग्रंथालयात 'ययाति' कुलूपबंद कपाटात होती, "मोठ्या वर्गांसाठी". त्यामुळे आमच्या अख्ख्या वर्गानं ती बाहेरून मिळवून वाचली. मास्तरांनी हाही उपाय करून पाहायला हरकत नाही.

वडाची_पारंबी

@गुळपोळी, ज्ञानपीठ मिळालेली कादंबरी कुलपात ठेवायची म्हणजे कमाल आहे.

पुराणिक_वाडा

मास्तरांच्या 'एक प्रत' या अडचणीवर. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होतं. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो' आणि 'श्यामची आई' कुणीही छापू शकतो, शाळा हवी तेवढी पानं झेरॉक्स करून वाटू शकते. 'श्यामची आई' मराठी विकिस्रोतावर अख्खी आहे, मुलं मोबाइलवर वाचू शकतात. माडगूळकर, अण्णाभाऊ, नेमाडे यांच्या बाबतीत तसं नाही. तिथे प्रती विकतच घ्याव्या लागतील, आणि घ्याव्यात.

'श्यामची आई'चं नाव यादीत नाही हे मला खटकलं. गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये चार-पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक, रात्र पहिली, रात्र दुसरी अशी मांडणी. रोज रात्री एक वाचून दाखवायला यापेक्षा सोयीचं दुसरं पुस्तक नाही.

तळटीप

@पुराणिक_वाडा, उपयोगी माहिती. 'श्यामची आई' मात्र अकरावीला नको, पाचवी-सहावीला हवी. सोळाव्या वर्षी मुलांना आईच्या शिकवणुकीपेक्षा आईशी होणारी भांडणं जास्त जवळची असतात.

@सातवीण, तुझ्या शेजारच्या मुलाचं वाचून मी माझं म्हणणं थोडं आवरतं घेतो. तरी यादीत एक तरी कादंबरी गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली असावी, यावर मी ठाम आहे.

टेम्सपारचा

मास्तर, लेखी प्रश्न टाळून गुण देण्याची काही सोय तुमच्याकडे आहे का? इथल्या शिक्षकांना जीसीएसईच्या साहित्यात ती मोकळीक नाही. सगळं लेखी परीक्षेवर.

जालन्याचे_मास्तर

आहे. भाषा विषयाला आमच्याकडे ८० लेखी आणि २० तोंडी. तोंडी परीक्षा बऱ्याच ठिकाणी उरकली जाते, रांगेत उभं करून एक कविता म्हणायला लावून. त्या गुणांत कादंबरी बसवता येईल. प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं बोलायचं. कागद नाही. "तुला कुठलं पान परत वाचावंसं वाटलं, ते उघड आणि वाच, मग का ते सांग." ज्यानं वाचलं नाही त्याला पान उघडता येणार नाही, आणि पाठ करून आलेल्याला त्या पानाच्या पुढचं-मागचं विचारता येईल. सातवीणच्या शेजारच्या मुलाला शेकूच्या बायकोचं पान लगेच सापडेल.

८० मुलं गुणिले पाच मिनिटं म्हणजे ४०० मिनिटं, आमच्या दहा-अकरा तासिका. आठवडाभर विभागून होईल. कठीण आहे, अशक्य नाही.

खानदेशी_वारा

मास्तर, हे करा. आणि ज्याला पुस्तक आवडलं नाही त्यालाही पूर्ण गुण मिळू द्या, का आवडलं नाही हे त्यानं पान दाखवून सांगितलं तर. मला 'कोसला' आवडली, पण माझ्या रूममेटला पांडुरंगाचा मनस्वी राग यायचा. बापाचे पैसे उडवतो म्हणून. त्या दोन महिन्यांत आम्ही जेवढं भांडलो तेवढा त्या कादंबरीचा अभ्यास कुठल्या परीक्षेनं करून घेतला नसता.

सातवीण

सगळ्यांचे आभार. टेम्सपारचा काका, अवतरणं पाठ करण्याचं वाचून भीती वाटली. म्हणून माझी मागणी नीट सांगते: अख्खी कादंबरी, पण बोर्डाच्या पेपरात नको. वर्गात राहू दे.

मास्तरांचा तोंडीचा प्रतिसाद मी मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, आमच्या वर्गात ६२ मुलं आहेत, सगळ्यांशी बोलणं एकटीला जमणार नाही, पण चार-चारच्या गटानं येऊन बोललात तर ऐकते. एका गटात चारही जण वेगवेगळी कादंबरी वाचलेले हवेत, म्हणजे एकमेकांना सांगावी लागेल. पुढच्या सत्रात पुस्तकं आपापसांत बदलायची आहेत. मला 'रणांगण' हवी आहे. ज्याच्याकडे आहे तो द्यायला तयार नाही, अजून एकदा वाचतोय म्हणाला.

वारणेचं_पाणी

मग तोवर 'फकिरा' घे.

जालन्याचे_मास्तर

चार जणांचा गट, चार कादंबऱ्या. हे मला सुचलं नव्हतं. माझ्या ८० मुलांचे २० गट होतात, गटाला पंधरा मिनिटं दिली तर ३०० मिनिटं. सोमवारी प्राचार्यांशी बोलतो, आणि 'रणांगण'च्या आणखी दहा प्रतींची मागणी ग्रंथपालांकडे देतो. १९३९ ची, हिटलरच्या जर्मनीतून पळालेल्या ज्यूंची आणि एका बोटीवरची गोष्ट, छोटीशी. तळटीप, 'बारोमास'च्याही दहा लिहितो.

तळटीप

मास्तर, 'बारोमास'च्या दहा प्रती माझ्याकडून. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.